दोन ठिपके

दाखल्यावर सही थोरलीचीच लागणार होती, म्हणून त्या दिवशी सगळे तिच्याशी फार गोड बोलत होते.

बांधणीच्या खोलीत लांब टेबलाभोवती चौघं बसली होती. एका टोकाला आबा, तिचे सासरे. त्यांच्या उजव्या हाताला धाकटा दीर, डाव्या हाताला नणंद, आणि दाराशी ती स्वतः, कारण तिथून कारखान्यातलं घासणीचं चाक थांबलं की लगेच कळायचं. भिंतीला खोकी रचली होती. प्रत्येक खोक्यात शिंप्याच्या पंचवीस कात्र्या, अशी एकशेवीस खोकी. चार वाजता लॉरी यायची होती. बारा वाजून गेले होते.

कारखान्याचा परवाना थोरलीच्या नावावर होता. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा आबांनीच तसं केलं. धाकटा तेव्हा परगावी फिरतीवर असायचा आणि थोरली रोज कारखान्यात बसायची. त्या वेळी कुणाला वाटलं नव्हतं की या नावाला कधी काही वजन येईल. विजेच्या बिलावर ते छापून यायचं, तेवढंच.

करार झाल्याला आता चार वर्षं झाली होती. दोन देशांच्या सरकारांनी सह्या केल्या, त्यांचा माल इकडे करावाचून आणि आपला माल तिकडे करावाचून. तेव्हा गल्लीत कात्र्यांचे नऊ कारखाने होते आणि नऊही मालकांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता. वर्षभरात तिकडची तयार कात्री बाजारात आली. तिची किंमत आणि यांना लागणाऱ्या नुसत्या पोलादाची किंमत, दोन्ही सारख्याच. आता गल्लीत दोन कारखाने उरले होते. यांच्याकडे तेवीस माणसं होती, त्यातली सात राहिली होती. आणि ती तिकडची कात्री वाईट नव्हती, हेच वाईट होतं. वाईट असती तर गिऱ्हाईक वर्षभरात परत फिरलं असतं.

करार करार करत गावभर हिंडायचा म्हणून कामगारांनी धाकट्याचं नाव ‘करारी’ ठेवलं होतं. त्याच्या कानावर ते गेलं तेव्हा त्याला ती स्तुती वाटली. पण माणूस खरंच चिकाटीचा. या कराराला दुसरी बाजूही आहे, आपणही तिकडे विकू शकतो, असं तो सगळे हसत असताना म्हणत राहिला आणि शेवटी त्याने खरोखर ऑर्डर आणली. तिकडच्या गणवेश शिवणाऱ्या एका कंपनीची, तीन हजार कात्र्यांची. ही पोचली तर दर तिमाहीला तेवढीच. त्या दिवशी थोरलीनेही त्याला मनापासून शाबासकी दिली होती.

सात माणसांनी जीव तोडून दोन महिन्यांत नऊशे कात्र्या केल्या.

बाकीच्या एकवीसशे कुठून आल्या, ते थोरलीला त्या दिवशी सकाळी कळलं. मागच्या पडवीत ज्या पेट्या येऊन पडल्या होत्या त्यात तिसऱ्याच एका देशातली तयार पाती होती. धाकट्याने तिला सांगितलं होतं की ती इथल्या बाजारात स्वस्तात विकायला आणली आहेत. ते तिने मान्य केलं होतं, नाइलाजाने. पण सकाळी खोकी मोजताना आकडा जुळेना, म्हणून तिने एक खोकं उघडलं, कात्री उचलली आणि हवेतच एकदा मिटली. त्यांच्या कात्रीचा आवाज कापड फाडल्यासारखा लांब येतो. ही नुसती कच करून मिटली.

नणंद माल पाठवणाऱ्या एजंटकडे कारकून होती. दाखल्याचा कागद तीच घेऊन आली होती. उगमाचा दाखला, म्हणजे माल कुठे तयार झाला त्याचं लेखी वचन. तिच्या ऑफिसात सगळे त्याला मालाचा जन्मदाखला म्हणत. हा असला तर तिकडे कर लागत नाही, नसला तर पुरा लागतो. करारानंतर तिच्या ऑफिसात चार माणसं वाढली होती आणि तिचा पगार दोनदा वाढला होता. या घरात ती एकटीच अशी होती की जिला करार लाभला. त्याबद्दल तिला जेवताखाता टोमणे ऐकावे लागत, आणि आबांची औषधंही तिच्याच पगारातून येत.

तिने चष्मा लावून नियम वाचला. पातं घडणं, त्याला पाणी देणं, म्हणजे तापवून थंड करून कणखर करणं, आणि घासणं, ही तिन्ही कामं इथे झाली पाहिजेत. नुसता स्क्रू इथे बसवला म्हणून कात्री इथली ठरत नाही. हे तिने दोनदा वाचलं आणि धाकट्याकडे बघितलं.

“मग मी तेच म्हणते आहे सकाळपासून,” थोरली म्हणाली.

नणंदेनेही तिची री ओढली. पकडलं गेलं तर परवाना जाईल, खटला होईल आणि तो वहिनीवर होईल, तुझ्यावर नाही, असं तिने भावाला सुनावलं. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला की पकडणार कसं? तपासणारा अधिकारी पोलाद ओळखत नाही, खुणा ओळखतो. आणि खुणांचा बंदोबस्त त्याने केला होता.

या कारखान्याची एक जुनी रीत होती. कात्रीची दोन्ही पाती एकाच माणसाने घासायची आणि एकमेकांना जुळवायची, याला ते जोड लावणं म्हणत. जोड लागली की तो माणूस दोन्ही पात्यांवर आतल्या बाजूला, स्क्रूच्या खाली, आपले ठिपके मारायचा. स्क्रू काढल्याशिवाय ते दिसायचे नाहीत. पुढे कधी कात्री धारेला आली आणि पात्यांची अदलाबदल झाली तर ठिपके बघून जोड परत मिळे. आबांचा एक ठिपका. पाण्याच्या भट्टीवरचे पाणीदार मामा यांचे तीन. असे पुढे सातापर्यंत. दोन ठिपके थोरलीच्या नवऱ्याचे होते आणि ते त्याच्याबरोबर संपले.

थोरलीचा ठिपका नव्हता. लग्नानंतर दहाएक वर्षांनी ती जोड लावायला शिकली आणि नवऱ्याच्याच बाकावर बसून लावत आली. एकदा तिने आबांकडे ठिपका मागितला होता. आबा म्हणाले होते, बघू. त्या बघूला आता सतरा वर्षं झाली होती. तिच्या हातच्या कात्र्या आतून कोऱ्या जायच्या.

धाकट्याने ही रीत अधिकाऱ्याला सांगितली होती आणि अधिकारी खूश झाला होता. दाखल्यासोबत कारागिरांची यादी जोडायची, कुणाचे किती ठिपके ते लिहायचं, म्हणजे कुठलीही कात्री उघडा, माणूस सापडेल. यंत्राच्या मालाला असं काही नसतं. याहून चांगला पुरावा कुठला?

“आणि परक्या पात्यांवर ठिपके कुणी मारले?” थोरलीने विचारलं. “मामांनी?”

मामांनी नाही म्हटलं होतं. मी ज्याला पाणी दिलं नाही त्यावर माझे ठिपके पडणार नाहीत, एवढंच ते धाकट्याला म्हणाले आणि भट्टीकडे वळले. बाकीचेही मग मामांच्या तोंडाकडे बघून गप्प राहिले. ही गोष्ट थोरलीला कुणी सांगितली नव्हती. आज ऐकून तिला बरं वाटलं.

“आबांनी मारले,” धाकटा म्हणाला.

थोरलीने आबांकडे पाहिलं. आबा टेबलावरच्या तेलाच्या डागाकडे बघत होते. गेला पंधरवडा दुपारभर ते या खोलीत दार लोटून बसायचे. ती समजत होती की कात्र्यांना तेल लावून कागदात गुंडाळताहेत. तिने दोनदा त्यांना आतमध्ये चहाही नेऊन दिला होता. सकाळपासून ती एकाच भरवशावर बसली होती, की काहीही झालं तरी आबा याला होकार देणार नाहीत. ज्या माणसाने स्वतःच्या मुलाची वाकडी जोड एकदा सगळ्यांदेखत भट्टीत टाकली होती, तो कसा देईल?

धाकट्याला वाटलं, आता काम झालं. त्याने पेन तिच्यापुढे सरकवलं. सात घरं आहेत वहिनी, म्हणाला, सात. तुमच्या एका सहीवर. वडिलांनी हात घातला आहे म्हटल्यावर नणंदेचा सूर उतरला होता. तिने फक्त एवढं सुचवलं की सही करायचीच असेल तर आधी दोनचार कात्र्या उघडून यादीशी ताडून बघाव्यात, कारण तिच्या ऑफिसात माणसं मोठ्या खोटेपणात सापडत नाहीत, बारीक चुकीत सापडतात.

थोरलीने सकाळी उघडलेल्या खोक्यातली कात्री घेतली, खिशातल्या पेचकसाने स्क्रू काढला आणि पाती टेबलावर उताणी ठेवली.

दोन ठिपके होते.

क्षणभर तिला वाटलं, नवऱ्याची एखादी जुनी कात्री यात मिसळली. तिचा हात आपोआप पात्यावर गेला. पण पातं परकंच होतं, जास्त उजळ, कडेला यंत्राच्या बारीक रेघा. तिने दुसरी उघडली. दोन. तिसरी. दोन. प्रत्येक ठिपका सरळ, खोल, एकमेकांपासून नेमका गव्हाच्या दाण्याएवढा लांब, जसे तो मारायचा तसे. ठिपके मारायचा त्याचा टोकदार पंच त्याच्या बाकाच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. तो खण तिने तीन वर्षांत उघडला नव्हता.

धाकट्याचा चेहरा पडला. त्याने शपथ घेऊन सांगितलं की त्याला हे ठाऊक नव्हतं, आबा आपला एक ठिपका मारताहेत असंच तो धरून चालला होता. यादीत त्याने आबांचं नाव घातलं होतं, एक ठिपका. दोन ठिपक्यांपुढे यादीत कुणीच नव्हतं.

पलीकडे चाक फिरत होतं.

“मी माझाच मारायला बसलो होतो,” आबा म्हणाले. “पहिल्या पात्यावर पंच टेकवला. हात उचलेना. तास गेला असेल. मग उठलो आणि त्याचा पंच आणला.” ते थांबले. “तो काही विचारायला येणार नव्हता.”

नणंदेने डोळ्यांना पदर लावला. धाकटा उठून खिडकीशी गेला. थोरलीला रडू आलं नाही. तिला राग यायला हवा होता, तोही आला नाही. तिच्या मनात फक्त हिशेब चालला होता की एकवीसशे कात्र्या, प्रत्येकीची दोन पाती, प्रत्येकावर दोन ठिपके. म्हणजे म्हाताऱ्याने दार लोटून मुलाच्या हाताची नक्कल आठ हजार चारशे वेळा केली.

पहिली सावरली ती नणंद. तिचं डोकं कागदांत मुरलेलं होतं. तिने डोळे पुसले, यादी ओढून घेतली आणि सरळ म्हणाली की यात अवघड काही नाही. “दोन ठिपके वहिनीचे म्हणून लिहू. त्याच बाकावर बसतेस ना तू? जोडही लावतेस. कोण विचारणार?”

अर्ध्या तासापूर्वी हीच बाई खटल्याची भीती घालत होती. थोरलीने तिच्याकडे नुसतं बघितलं. नणंद नजर चुकवत म्हणाली, “माझं ऐक. दादाची खूण तुझ्याकडेच यायला हवी होती. आता येतेय असं समज.”

धाकट्याला तर बुडताना हात मिळाला. तोही परत खुर्चीवर बसला. वहिनींचं नाव यादीत आलं तर उलट शोभून दिसेल, तिकडच्या लोकांना बायकांनी केलेल्या कामाचं कौतुक असतं, असं काहीबाही तो बोलू लागला. मग तिघंही आबांकडे वळली. ठिपका द्यायचा अधिकार घरात एकट्या त्यांचा होता.

आबांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. “लिहा,” ते म्हणाले. “थोरलीचे दोन.”

सतरा वर्षं तिने हे शब्द ऐकण्याची वाट पाहिली होती. कुठे ऐकायला मिळतील तेही तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. बाकापाशी, सगळ्या माणसांसमोर, चाकं थांबवून. नवरा असता तर त्याने मुद्दाम खोकला काढला असता. यापुढे तिच्या हातची कात्री कुठेही गेली, कितीही वर्षांनी उघडली, तरी कुणीतरी म्हटलं असतं की ही अमकीची जोड.

तिने पेन उचललं. नणंदेने कागद सरळ केला.

“आबा,” ती म्हणाली, “मी मागितला तेव्हा माझ्या हातात माझं काम होतं. तेव्हा दिला नाहीत. आता दुसऱ्याच्या कामावर नको.”

आणि तिने पेन टोपण लावून ठेवलं.

मग जे व्हायचं ते झालं. धाकटा आधी समजावणीने बोलला, मग चढ्या आवाजात. नऊशे खऱ्या आहेत तेवढ्यांचाच दाखला करा, मी सही करते, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला की कंपनी तीन हजार घेईल, नाहीतर एकही नाही, आणि करावाचून म्हणूनच त्या भावाने घेते. कर भरून विकायचं तर पोलादाचे पैसेही निघणार नाहीत. ती म्हणाली, मग नाही निघाले तरी चालेल. तो म्हणाला की या कारखान्यात तुम्ही सून म्हणून आलात, माझा जन्म इथे झाला. ती म्हणाली, “भाऊजी, जन्माचे दाखले आज पुरे झाले.” नणंदेला एवढ्या वेळातही हसू आलं आणि मग तिलाच त्याची लाज वाटली.

“सात जणांना कोण सांगणार?” धाकटा शेवटी म्हणाला. “तुम्ही सांगणार?”

“मीच सांगते.”

ती उठली आणि मामांना बोलावून आणलं. पाणीदार मामा हात पुसत दारात उभे राहिले. साठीचा माणूस, भट्टीच्या धगीने एक गाल कायमचा तांबूस झालेला. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की माल जाणार नाही, आणि माल गेला नाही तर महिनाअखेर कारखाना चालणार नाही. तिला वाटलं होतं, मामा म्हणतील बरं केलंस. ज्या माणसाने परक्या पात्याला ठिपका नाकारला, तो दुसरं काय म्हणेल?

मामांनी खोक्यांकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

“मी माझा ठिपका दिला नाही ते माझ्यापुरतं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही सही करणार नाही असं नव्हतं वाटलं मला. माझ्या घरच्या सूनबाईच्या औषधांचं काय ते बघायला हवं आता.” आणि ते परत भट्टीवर गेले. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते तिला जास्त लागलं.

थोरली दारातच उभी राहिली. आपण कुणासाठी नाही म्हटलं, हे तिला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं. अजूनही पेन टेबलावर होतं आणि साडेतीनच वाजले होते. धाकट्याने तिच्या मनातलं ओळखलं असावं. त्याने कागद तिच्या बाजूला वळवून ठेवला. तिने तो उचलला, चार घड्या घातल्या आणि नणंदेच्या पर्समध्ये नेऊन ठेवला.

लॉरी चारला आली आणि दहा मिनिटांनी रिकामी गेली.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर कारखाना महिनाअखेरीपर्यंतही टिकला नाही. मामांना गोदामावर राखणदारी मिळाली. कामगारांतले दोघं परगावी गेले. धाकटा वर्षाच्या आत तिकडचीच कात्री आणून विकणाऱ्या दुकानात लागला, आणि तिथे त्याचं चांगलं चाललं. वहिनीशी तो पुढे सहा वर्षं बोलला नाही.

पण त्याआधीचे चार दिवस सांगायचे राहिले.

एकवीसशे कात्र्या इथल्या बाजारात एका व्यापाऱ्याने घ्यायचं कबूल केलं होतं, परक्या म्हणून, परक्यांच्या भावात. थोरली म्हणाली की जातील, पण नवऱ्याचे ठिपके घेऊन जाणार नाहीत. धाकट्याने खांदे उडवले. नणंद म्हणाली, आत कोण बघतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने बारीक चाक सुरू केलं आणि नवऱ्याच्या बाकावर बसली.

थोड्या वेळाने आबा आले. समोर स्टूल ओढून बसले, पहिलं खोकं पायांत घेतलं आणि कात्र्यांचे स्क्रू काढायला लागले. ते स्क्रू काढून पाती द्यायचे, ती चाकाला टेकवायची. एक ठिणगी, ठिपके जायचे आणि तिथे नखाएवढा उजळ डाग उरायचा. पातं परत आबांकडे. दिवसाला पाचशेच्या वर कात्र्या होत होत्या. त्या कारखान्यात इतक्या वेगाने काम कधी झालं नव्हतं, आणि त्यात घडत काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आबांचा हात मध्येच अडतोय. ते प्रत्येक कात्रीची दोन पाती शेजारी शेजारी ठेवत होते, दुसऱ्या पात्यांत मिसळू देत नव्हते, आणि तिने चुकून डावीकडचं एखादं उजवीकडे ठेवलं तर उचलून परत जागेवर लावत होते. त्या मालात कुठलंही पातं कुठल्याही पात्याला बसत होतं. सगळी एकाच साच्याची. जोड अशी नव्हतीच.

तिला ते सांगायचं होतं. मग तिने चाकाचा वेग थोडा कमी केला आणि पुढचं पातं घेतल्यावर त्याचा जोडीदार येईपर्यंत थांबली.